पैनगंगा सीमाप्रवास, हिंगोली जिल्हा : भटकंती करणाऱ्यांची सुरक्षितता

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर व ईशान्य सीमेवर पैनगंगा आहे. नदीच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. पायी चालणारे, सायकलस्वार, पक्षिनिरीक्षक, छायाचित्रकार आणि देवदर्शनाला निघालेले यात्रेकरू ही नदी सतत ओलांडत असतात. त्यांना वाटेत भेटणारे धोके, त्यांमागची कारणे आणि बचावाचे उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. पाणी, ऊन, वीज, जनावर हे धोके एरवीही असतातच. सीमेवर त्यात आणखी एकाची भर पडते : माणूस अडचणीत सापडला की तो कोणाच्या हद्दीत आहे, हे ठरेपर्यंत वेळ जातो. भटक्याच्या जिवाशी खेळ होतो तो याच वेळेत.

स्थान व सीमा : परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. उत्तरेस वाशीम, ईशान्येस यवतमाळ, पूर्व व आग्नेय बाजूंना नांदेड आणि दक्षिण-पश्चिमेस परभणी जिल्हा आहे. हिंगोली छत्रपती संभाजीनगर महसूल विभागात येतो, तर वाशीम व यवतमाळ अमरावती विभागात. त्यामुळे नदीच्या ऐन प्रवाहात पोलीस ठाणे, वनक्षेत्र, तहसील आणि महसूल विभाग असे सगळेच बदलते. हीच पैनगंगा पुढे महाराष्ट्र व तेलंगण यांच्यामधली राज्यसीमा होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १८५३च्या करारान्वये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हापासून पैनगंगा ही दोन राजवटींमधली सरहद्द झाली. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ मध्ये बंद झाली. वाशीम रस्त्यावरचे कनेरगाव नाका हे गाव आणि रेल्वे स्थानकाचे ‘हिंगोली डेक्कन’ हे नाव आजही त्या काळाची आठवण देतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वयंसेवकांनी या सरहद्दीचा आधार घेतला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा व विदर्भ दोन्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि इथली नदीवरची राज्यसीमा पुसली गेली.

प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हिंगोलीचे नाव ठगांच्या संदर्भात येते. १८३३च्या सुमारास ठगांविरुद्धची मोहीम ज्या ठिकाणी प्रथम हाती घेण्यात आली, त्यांपैकी हिंगोली हे एक. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीच्या प्रस्तावनेत इथली एक हकिगत सांगितली आहे. हरीसिंग हा वरवर हिंगोलीच्या छावणीतला प्रतिष्ठित व्यापारी, प्रत्यक्षात ठग. खुद्द टेलर यांचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचे आहे, असे सांगून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्स या इंग्रज अधिकाऱ्याकडून परवाना मिळवला. तो माल घेऊन त्याचा खरा मालक वाटेवर होता, हे त्याला ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला नोकर-गाडीवानांसह वाटेतच संपवले, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. छावणीच्या बाजारातही खून झाले होते आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर प्रेते पुरलेली होती. ती थडगी उकरली गेली तेव्हा टेलर स्वतः तेथे हजर होते. ठगांविषयीच्या इंग्रजी वृत्तांतांत अतिशयोक्ती व राजकीय हेतू मिसळले असल्याचे आजचे इतिहासकार दाखवून देतात, म्हणून हे वृत्तांत जपून वाचावे लागतात. तरीही या हकिगतीतला एक धडा कायमचा आहे. मेलेला व्यापारी वाटेत कोणाच्याच नजरेत नसावा. तो पोहोचला नाही म्हणून त्याची चौकशी करणारे कोणी त्या रस्त्यावर नसावे.

ठगांना हद्दींचा मोठा आधार होता. गुन्हा एका राज्यात, मुद्देमाल दुसऱ्या राज्यात आणि आरोपी तिसरीकडे, अशा वेळी खटला उभा राहत नसे. १८३६च्या ३०व्या कायद्याने ही पळवाट बंद केली. कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले की जन्मठेप, अशी तरतूद त्यात होती.

पाण्याचे धोके : कळमनुरी व पुसद तालुक्यांच्या सीमेवरील इसापूर धरण हा ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचा मुख्य जलाशय आहे. सेनगाव व जिंतूर तालुक्यांच्या सीमेवर पूर्णेवरचे येलदरी आणि त्याखाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वर धरण आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात धरणे भरली की दरवाजे उघडले जातात. अशा वेळी खालच्या पात्रात आकाश निरभ्र असूनही पाणी चढते. पाऊस पडला असेल तो वरच्या जिल्ह्यात आणि पात्रात उभा असलेला माणूस खालच्या जिल्ह्यात, त्यामुळे त्याला अंदाज येत नाही. विसर्गाची सूचना काठच्या गावांना दिली जाते; गावात न थांबता थेट पात्रात उतरलेल्या पाहुण्यापर्यंत ती पोहोचत नाही.

नदीला उतार कोठे आहे, हे काठच्या माणसालाच विचारावे. गुराखी पाण्यात शिरताना आधी काठी टाकतो. ती टणक तळाला टेकली तर पाऊल पुढे, गाळात गेली तर मागे. गेल्या वर्षीचा उतार यंदा डोह झालेला असू शकतो, हे त्याला माहीत असते. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना तो ओलांडू नये. वरून पाणी घोटाभर दिसले तरी शेवाळावरून पाय सुटतो आणि बंधाऱ्याखालचा भोवरा माणसाला वर येऊ देत नाही. पुलावरून पाणी चालले असेल तर मोटारसायकल घालू नये. खाली नांदेड व यवतमाळच्या सीमेवर याच नदीवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. तेथेही निसरड्या कातळावर प्रवाहाजवळ उभे राहणे जिवावर बेतू शकते.

जमिनीवरचे धोके : काळ्या मातीत पाऊस झाला की पाणंद रस्ता चिखलाने भरतो, सायकलचे चाक फिरेनासे होते आणि तासाभराच्या वाटेला अर्धा दिवस लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत दुपारी अकरा ते चार चालणे टाळावे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज पडण्याचे प्रमाण अधिक. गडगडाट ऐकू येताच एकट्या झाडाखालून व पाण्यातून दूर व्हावे. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते.

रोही व रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी शेताभोवती तार ओढलेली असते. झटका मशीनची तार हिसका देऊन सोडते. मात्र काही ठिकाणी बेकायदा थेट विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि तो मारतो. वरवर दोन्ही तारा सारख्याच दिसतात. त्यामुळे रात्री किंवा पहाटेच्या अंधारात शेतातून आडवाट धरू नये आणि कोणत्याही तारेला हात लावू नये. कठडा नसलेल्या विहिरी हा दुसरा धोका. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला व सात जणींचा मृत्यू झाला. त्या हौसेने नव्हे, पोटासाठी जिल्ह्याची सीमा ओलांडून गेल्या होत्या. सीमेवरच्या सुरक्षिततेची गरज सर्वांत जास्त कोणाला आहे, हे या घटनेने दाखवले.

जिल्ह्यात भूकंपाचे धक्केही बसतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे ४.५ व ३.६ रिश्टर क्षमतेचे दोन धक्के आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ क्षमतेचा धक्का कळमनुरी तालुक्याच्या परिसरात नोंदला गेला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे गूढ आवाज अनेक वर्षांपासून परिचित आहेत. मुक्कामासाठी जुन्या, तडे गेलेल्या दगडमातीच्या इमारती टाळाव्यात.

वन्यजीव : इसापूर जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पाणपक्षी येतात. पुढे यवतमाळ-नांदेडच्या हद्दीत पैनगंगा अभयारण्य लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. हिंगोलीच्या बाजूने होडीत बसलेला माणूस पलीकडे यवतमाळच्या हद्दीत उतरतो, म्हणून परवानगी कोठे उतरणार त्यानुसार आधी घ्यावी.

या भागातून वाघ ये-जा करतात. टिपेश्वर अभयारण्यातील टी-१ सी-१ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगणातील आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा मुलूख तुडवत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरहून अधिक चालल्यामुळे तो ‘वॉकर’ या नावाने ओळखला गेला. बहुतेक वाट त्याने ओढे, नाले व शेतांमधून रात्री काढली. या काळात माणसाशी त्याचा संघर्ष झाला तो झुडपात विसावलेला असताना. त्या झुडपात शिरलेल्या घोळक्यातला एक जण जखमी झाला. तेव्हा पैनगंगेकाठी वाघ नसतो, असे धरून चालू नये. ठसे दिसले तर मागोवा न घेता वनविभागाला कळवावे. घोणस, मण्यार, नाग व फुरसे हे विषारी साप येथे आढळतात. दंश झाल्यास जखम चिरू नये, चोखू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

मदत व कायदा : आपत्कालीन मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’साठी १९२६ हे क्रमांक आहेत. नदीकाठी फोन पलीकडच्या मनोऱ्याला जोडला जाऊ शकतो. म्हणून बोलणे सुरू होताच जिल्हा, तालुका, गाव आणि नदीचा कोणता काठ, हे सर्वांत आधी सांगावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी त्याची माहिती पोलीस ठाण्याने नोंदवून घेणे आवश्यक आहे. तिला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४अ ने संरक्षण दिले आहे.

वारीचा आदर्श : शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी विदर्भातून पानकनेरगाव येथे हिंगोली जिल्ह्यात शिरते आणि सेनगाव, औंढा नागनाथ या मार्गाने परभणीकडे जाते. मुक्काम आधी ठरलेले, पुढच्या गावाला येण्याची वेळ माहीत, सोबत औषधोपचाराची सोय आणि चालणारा प्रत्येक जण दिंडीतल्या कोणाच्या तरी नजरेत. पालखी सीमेवर येते तेव्हा एका जिल्ह्याचे लोक निरोप देतात आणि दुसऱ्या जिल्ह्याचे लोक स्वागताला उभे असतात. एका हातातून दुसऱ्या हातात सोपवले जाणे, हेच सीमेवरच्या सुरक्षिततेचे मर्म. एकट्या-दुकट्या भटक्यानेही तेवढे साधता येते : निघताना अलीकडच्या गावात कोणाला तरी सांगून निघावे, पलीकडच्या गावातल्या एकाला येण्याची वेळ कळवावी आणि पोहोचल्यावर अलीकडे फोन करावा.