कथाबीज (कादंबरीचे)

कादंबरीकाराला लिहायला बसवणारी पहिली घटना, व्यक्ती, बातमी किंवा प्रश्न. कानावर आलेली हकीकत, नोकरीतला अनुभव, भटकंती, घरात सांगितल्या जाणाऱ्या जुन्या गोष्टी अशा कुठूनही ते मिळते. मात्र घटना जशीच्या तशी कादंबरीत क्वचितच उतरते. तिच्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, ही निवडच लेखकाची खरी कमाई.

लिओ टॉलस्टॉयचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. जानेवारी 1872 मध्ये त्याच्या शेजारच्या जमीनदाराकडे राहून घर सांभाळणाऱ्या अ‍ॅना पिरोगोव्हा या बाईने यासेंकी स्थानकाजवळ रेल्वेखाली जीव दिला. प्रियकर दुसरीशी लग्न करणार, हे तिला सोसले नव्हते. टॉलस्टॉयने जाऊन तिचा छिन्नविच्छिन्न देह पाहिला, पण लगेच काही लिहिले नाही. 1873 मध्ये पुश्किनचे गद्य वाचताना लेखणी चालू लागली, आणि पूर्ण झालेल्या ‘अ‍ॅना कारेनिना’ या कादंबरीत त्या बाईचे नाव आणि रुळांवरचा मृत्यू एवढेच शिल्लक राहिले. घर सांभाळणाऱ्या बाईच्या जागी पीटर्सबर्गच्या प्रतिष्ठित वर्तुळातली विवाहिता आली. सुरुवातीच्या खर्ड्यांत ही नायिका बरीच उथळ होती. वाचकाला आज भिडणारी अ‍ॅना कारेनिना पुनर्लेखनातून घडली.

हेन्री जेम्सला हकीकत अर्धवटच हवी असे. जेवणाच्या टेबलावर ऐकलेला एक धागा तो वहीत टिपून ठेवी. सांगणारा तपशिलात शिरला की त्याला कल्पनेचा कोंडमारा वाटे.

गाब्रिएल गार्सिया मार्केसची वाट वेगळी, आणि लांबलचक. 1951 मध्ये कोलंबियातल्या सुक्रे गावी त्याच्या ओळखीच्या तरुणाचा खून झाला. त्याला त्यावर लगेच लिहायचे होते, पण मृताची आई हयात असेपर्यंत थांब, असे त्याच्या आईने विनवले. कादंबरी 1981 मध्ये आली. तिच्यात खुनी कोण हे आधीच ठाऊक असते. सगळ्या गावाला कळूनही खून थांबला कसा नाही, हा प्रश्न उरतो. ही मांडणी त्या प्रदीर्घ थांबण्यातच पिकली असावी.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी पोरवयात खेड्यात मास्तरकी केली होती. त्यांची ‘बनगरवाडी’ (1955) ही कादंबरी धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तराच्या नजरेतून उलगडते. पुढे रानावनातल्या निरीक्षणाने त्यांना निराळाच विषय दिला. ‘सत्तांतर’ (1982) या छोट्या कादंबरीत वानरांच्या टोळीवरच्या वर्चस्वाचा संघर्ष आहे आणि पात्रे वानरेच आहेत.