इलेक्ट्रॉनची ने-आण कोणी करायची?

रक्तातील साखर मोजणारे छोटे यंत्र आता अनेक घरांत दिसते. पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावायचा, काही सेकंद थांबायचे आणि आकडा वाचायचा. यंत्र प्रत्यक्षात मोजते तो विद्युतप्रवाह. मग साखरेच्या रेणूतील इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत येतात कसे? जैवसंवेदकांचा इतिहास म्हणजे बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

या गोष्टीतील मुख्य पात्र आहे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे एन्झाइम. १९२८ साली म्यूलर यांनी ते बुरशीत शोधले. अनेक शर्करांच्या मिश्रणातून ते नेमके ग्लुकोज निवडते आणि त्याच्या प्रत्येक रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन प्रथम विकरातील फॅड या सहघटकाकडे जातात. निसर्गात ते पुढे ऑक्सिजन उचलतो आणि त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. फॅड मोकळा झाला की विकर पुढच्या रेणूसाठी तयार!

अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९५६ साली रक्तातील ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड प्रसिद्ध केला. त्यात प्लॅटिनमवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा होता. पडद्यातून ऑक्सिजन आत जाई, रक्तातील प्रथिने बाहेरच राहत. १९६२ साली क्लार्क आणि लायन्स यांनी या पडद्यापाशी ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर ठेवण्याची कल्पना मांडली. ग्लुकोज जितके जास्त, तितका ऑक्सिजन अधिक खर्च होणार आणि तितका प्रवाह कमी होणार. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी विकर जेलमध्ये बसवून असा इलेक्ट्रोड प्रत्यक्षात आणला. १९७३ मध्ये गिलबॉ आणि लुब्रानो यांनी ऑक्सिजनऐवजी तयार होणारे पेरॉक्साइड मोजले. १९७५ मध्ये या तत्त्वावरचे प्रयोगशाळेतील उपकरण बाजारात आले.

तरीही दोन अडचणी उरल्या. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी रक्तात लिटरमागे सुमारे ५ मिलिमोल ग्लुकोज असते. उलट, हवेच्या सान्निध्यातील पाण्यात २५ अंश सेल्सियसला जेमतेम ०.२५ मिलिमोल ऑक्सिजन विरघळतो. वीस प्रवासी आणि एकच हमाल! नमुना पातळ केला नाही, तर ग्लुकोजऐवजी ऑक्सिजनच प्रवाहाची मर्यादा ठरवतो. दुसरे असे, की प्लॅटिनमवर पेरॉक्साइड मोजायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट द्यावे लागतात. तेवढ्या विभवाला रक्तातील क जीवनसत्त्व, यूरिक आम्ल आणि रुग्णाने घेतलेले पॅरासिटामॉलही इलेक्ट्रॉन देऊ लागतात. आकडा फुगतो, आणि फुगलेल्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन टोचणे जिवावर बेतू शकते.

मग ऑक्सिजनला वगळून विकराने इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला का देऊ नयेत? अडसर अंतराचा आहे. फॅड विकराच्या पृष्ठभागावर नसतो. तो प्रथिनात एक नॅनोमीटरहून अधिक खोल दडलेला असतो. प्रथिनातून इलेक्ट्रॉनची झेप अंतर सुमारे ०.२ नॅनोमीटरने वाढले, की साधारण दहापटीने मंदावते. सायटोक्रोम-सी या लहान प्रथिनाबाबत १९७७ साली थेट देवघेव साधली होती, कारण त्याच्या लोहगटाची कडा पृष्ठभागापाशी असते. ग्लुकोज ऑक्सिडेजला ही सोय नाही.

त्यावर तोडगा निघाला मध्यस्थाचा. १९८४ साली ब्रिटनमधील कॅस, हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरोसीनचे एक संयुग वापरले. फेरोसीनमध्ये कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोहाचा अणू असतो. हा लहान रेणू विकरात शिरून इलेक्ट्रॉन उचलतो, इलेक्ट्रोडवर ठेवतो आणि परत फिरतो. हे काम कमी विभवाला होते आणि ऑक्सिजनवरचे अवलंबनही पुष्कळ घटते. याच तत्त्वावर १९८७ मध्ये पेनाच्या आकाराचा ग्लुकोजमापक निघाला. प्रयोगशाळेतली तपासणी रुग्णाच्या खिशात आली.

पण सुटा मध्यस्थ वाहून जाऊ शकतो. पट्टी एकदा वापरून टाकायची असेल तर हे चालते. शरीरात ठेवायच्या संवेदकात चालत नाही. ॲडम हेलर यांनी ऑस्मियमची संयुगे बहुवारिकाच्या साखळीला बांधून टाकली. विकराला जणू तारच जोडली गेली. एका ऑस्मियमकडून दुसऱ्याकडे उड्या मारत इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोड गाठतात. २०१४ मध्ये युरोपात आलेला, दंडावर चौदा दिवस राहणारा संवेदक याच तत्त्वावर चालतो. तो पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. त्यामुळे वारंवार बोट टोचणे बरेच टळते.

थेट देवघेवीचा मोह मात्र सुटला नाही. कार्बनच्या नॅनोनलिकांवर ग्लुकोज ऑक्सिडेज थेट इलेक्ट्रॉन देते, असे दावे पुढे असंख्य शोधनिबंधांत झाले. आलेखावर फॅडची खूण दिसे, म्हणून. २०१६ मध्ये जॉर्ज विल्सन यांनी या दाव्यांना हरकत घेतली. विकरातून सुटलेला फॅड इलेक्ट्रोडवर चिकटला, तरी तीच खूण दिसते! ग्लुकोज घातल्यावर ऑक्सिजनशिवाय प्रवाह वाढतो का, ही खरी कसोटी आहे.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकवताना आपण फळ्यावर इलेक्ट्रॉनसाठी एक बाण काढून मोकळे होतो. तो बाण किती अंतराचा, आणि वाटेत कोणाच्या खांद्यावरून जातो, हेही वर्गाला विचारून पाहावे.