रस्ता बंद झाला, तेव्हा गाड्या कुठे गेल्या? सॅन फ्रान्सिस्को, 1989

मंडळी, शहराच्या वाहतुकीचा इतिहास आपण एरवी उद्घाटनांच्या तारखांवरून सांगतो. अमुक साली पूल झाला, अमुक साली मेट्रो आली. आज आपण तो बंद पडलेल्या रस्त्यांवरून सांगून बघणार आहोत. रस्ता चालू असतो तोवर त्यावरून कोण जातं, कशासाठी जातं, त्याच्या जिवावर कोणाचं दुकान चालतं, हे कोणी विचारत नाही. तो बंद पडला की हे सगळं एकदम दिसायला लागतं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे सोसलेलं आहे, त्यामुळे अनुभव नवा नाही. पण आजचं आपलं शहर आहे अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. तिथे एकाच संध्याकाळी अनेक मोठे रस्ते बंद पडले आणि प्रत्येकाची पुढची गोष्ट वेगळी झाली.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू. सॅन फ्रान्सिस्को हे द्वीपकल्पाच्या टोकावरचं शहर. पूर्वेला उपसागर, म्हणजे तिथल्या भाषेत नुसता ‘बे’. त्याच्या पलीकडे ओकलंड. राहायला पलीकडे आणि कामाला अलीकडे, अशी हजारो माणसं. 1936 पर्यंत ही माणसं फेरीबोटीने यायची. 1898 साली बांधलेली मनोऱ्याची फेरी बिल्डिंग आजही किनाऱ्यावर उभी आहे, तिथे बोटी लागायच्या आणि समोरच ट्राम उभ्या असायच्या. नोव्हेंबर 1936 मध्ये बे ब्रिज खुला झाला. पूल दुमजली होता आणि 1939 पासून त्याच्या खालच्या मजल्यावरून विजेच्या लोकलगाड्या धावत होत्या. पुलाने मोटारी आणल्या हे खरं, पण त्याच पुलाने लोकलसुद्धा आणली होती, हे बहुतेक लोक विसरतात.

मग आलं 1958. त्या एका वर्षात पुलावरची लोकल बंद झाली, रूळ काढून दोन्ही मजले मोटारींना द्यायचं ठरलं, आणि ओकलंडहून येणारी शेवटची फेरीबोटही थांबली. उपसागर ओलांडायचे तीन मार्ग होते, त्यांतला एक उरला. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. 1989 चा भूकंप ही नैसर्गिक आपत्ती होती, पण एक पूल तुटला की शहर अडतं, ही अवस्था माणसांनी ठरवून आणलेली होती. पुढे 1974 मध्ये उपसागराच्या तळाशी घातलेल्या नळीतून बार्टची रेल्वे सुरू झाली म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं, त्याची कल्पना करवत नाही.

त्याच सुमाराला शहरात फ्रीवे येत होते. फ्रीवे म्हणजे सिग्नल नसलेला, चढ-उताराचे रॅम्प असलेला महामार्ग. बे ब्रिजपासून थेट गोल्डन गेट पुलापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एक दुमजली उन्नत फ्रीवे न्यायचा, अशी योजना होती. त्याचं नाव एम्बार्कडेरो फ्रीवे. तो फेरी बिल्डिंगच्या अगदी तोंडासमोरून गेला. शहर आणि पाणी यांच्यामध्ये काँक्रीटची दुमजली भिंत उभी राहिली. लोक इतके चिडले की जानेवारी 1959 मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने (आपल्याकडच्या नगरसेवकांच्या सभेसारखं समजा) दहापैकी सात नियोजित फ्रीवे रद्द करून टाकले. त्या काळी अमेरिकेत हे अक्रीतच होतं. एम्बार्कडेरो मात्र जेवढा बांधून झाला होता तेवढा राहिला. सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा. तो ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर उतरून संपायचा.

आणि ब्रॉडवेला लागून काय आहे? चायनाटाउन. हे ध्यानात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

17 ऑक्टोबर 1989, संध्याकाळचे 5 वाजून 4 मिनिटं. 6.9 तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप. त्या दिवशी बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सामना होता, तोही सॅन फ्रान्सिस्को विरुद्ध ओकलंड. लोक लवकर घरी गेले होते किंवा मैदानात होते, त्यामुळे ऐन गर्दीच्या वेळी रस्ते नेहमीपेक्षा मोकळे होते. तरीही एकूण 63 माणसं गेली. त्यांतली 42 एकाच ठिकाणी, ओकलंडच्या सायप्रेस फ्रीवेवर. हाही दुमजलीच, 1957 साली उघडलेला. वरचा मजला खालच्यावर कोसळला. बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा साधारण 15 मीटरचा एक तुकडा खाली पडला, तिथे एक मृत्यू झाला. एम्बार्कडेरो उभा राहिला, पण इतका खिळखिळा झाला की बंद करावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचा एकच प्रश्न होता: पुलावरून रोज जाणाऱ्या अडीच लाखांच्या आसपास गाड्यांचं आता काय होणार? शहर ठप्प होईल, असंच बहुतेकांनी धरलं होतं.

ते झालं नाही. बार्टने रात्रभर गाड्या चालवायला सुरुवात केली. भूकंपाआधी तिचे रोजचे प्रवासी सव्वादोन लाखांहून थोडे कमी होते. नोव्हेंबरात एका दिवशी आकडा साडेतीन लाखांच्या वर गेला. एकतीस वर्षांनी ओकलंडहून पुन्हा फेरीबोट सुटली, भूकंपाला आठवडाही झालेला नव्हता. फेरी बिल्डिंगच्या धक्क्यांवर पुन्हा कचेरीला जाणारी माणसं उतरू लागली. काहींनी दक्षिणेकडच्या सॅन माटेओ पुलाचा वळसा घेतला, काही उत्तरेकडून आले, काहींनी कामाच्या वेळा बदलल्या. महिन्याभरात, 18 नोव्हेंबरला, बे ब्रिज दुरुस्त होऊन खुला झाला. गंमत अशी, की सगळे परत मोटारीत गेले नाहीत. काही बार्टवरच राहिले. ओकलंड-अलमेडाची फेरीबोट तर कायमची झाली.

असं फक्त तिथेच घडलं का? नाही. 1998 साली सॅली केर्न्स, कारमेन हास-क्लाऊ आणि फिल गुडविन या तिघांनी लंडनमध्ये एक अहवाल केला. निरनिराळ्या देशांत रस्ते बंद किंवा अरुंद झाले तिथे पुढे काय झालं, याची उदाहरणं त्यांनी गोळा केली. नंतर ती वाढवत अकरा देशांतली सत्तराहून अधिक झाली. निष्कर्ष असा, की त्या गाड्या सगळ्याच्या सगळ्या शेजारच्या रस्त्यांवर येत नाहीत. त्यांतल्या काही मोजणीतून नाहीशाच होतात. मधलं उदाहरण घेतलं तर एकूण वाहतूक दहा-अकरा टक्क्यांनी घटलेली. या घटनेला पुढे ‘वाहतुकीचं बाष्पीभवन’ असं नाव पडलं आणि फ्रीवे पाडू पाहणाऱ्यांच्या हाती ते मोठंच शस्त्र आलं.

आम्हाला हा अहवाल महत्त्वाचा वाटतो. ते नाव मात्र पटत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा कोणाचं काही जात नाही. गाडी नाहीशी होते म्हणजे काय होतं? एक माणूस रेल्वेने गेला, चांगलं झालं. एकाने दोन कामं एका फेरीत उरकली, तेही चांगलं. आणि एकजण गेलाच नाही. वाहतूक मोजणाऱ्याच्या वहीत हे तिघे सारखेच. पण जो गेलाच नाही, तो जिथे जाणार होता तिथे कोणीतरी त्याची वाट बघत बसलेलं असतं.

आता चायनाटाउनकडे येऊ. 1989 पर्यंत पुष्कळ चिनी कुटुंबं उपनगरांत, उपसागरापलीकडे राहायला गेली होती. पण बाजारहाट चायनाटाउनात. शनिवार-रविवारी गाडी काढायची, बे ब्रिजवरून एम्बार्कडेरो फ्रीवेवर, ब्रॉडवेच्या रॅम्पने खाली, भाजी, मासे, औषधी मुळ्या घ्यायच्या, आजीला भेटायचं, जेवायचं आणि परत. आपल्याकडे डोंबिवलीला राहायला गेलेलं कुटुंब सणाची खरेदी दादरलाच करतं, तसंच हे. फक्त इथे लोकल नव्हती. बार्टचं सगळ्यांत जवळचं स्टेशन लांब, चढणीचा रस्ता, हातात पिशव्या आणि बरोबर म्हातारी माणसं.

फ्रीवे बंद झाल्यावर कचेरीला जाणाऱ्याला दुसरा मार्ग शोधावाच लागतो, कारण पगार तिथे आहे. मासे घ्यायला येणाऱ्याला तशी सक्ती नाही. तो जवळच्या दुकानात जातो. उपनगरांत चिनी दुकानं निघू लागलेलीच होती. म्हणजे बघा, शहराची कोंडी टळली ती ज्यांनी येणं सोडलं त्यांच्यामुळेही टळली, आणि त्यांनी येणं सोडलं त्याची किंमत चायनाटाउनच्या गल्ल्यावर पडली. दुकानदारांचा धंदा बसला, आणि मालकाच्या आधी हॉटेलात भांडी घासणाऱ्याचे तास कमी झाले. नव्वदच्या सुमाराला अमेरिकेत मंदीही आली, तेव्हा सगळा दोष रस्त्यावर टाकणं बरोबर नाही. पण दुकानदारांचं म्हणणं खोटं होतं असं आम्हाला अजिबात वाटत नाही.

तेव्हाचे महापौर आर्ट ॲग्नोस यांना फ्रीवे दुरुस्त न करता पाडायचा होता. खरं तर 1986 मध्ये मतदारांनी पाडण्याचा प्रस्ताव नाकारला होता. भूकंपाने प्रश्न पुन्हा काढला. चायनाटाउनची बाजू रोझ पाक यांनी मांडली. मूळच्या पत्रकार, पुढे चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या जोरावर शहराच्या राजकारणात कोणालाही टाळता न येणाऱ्या बाई. त्यांचं म्हणणं सोपं होतं: तुम्हाला समुद्र दिसावा म्हणून आमचा रस्ता का काढता? वर्षभर वाद चालला, आणि तोवर तो फ्रीवे वाहनाविना उभाच होता. शेवटी पर्यवेक्षक मंडळात 6 विरुद्ध 5 असा निर्णय झाला. एका मताने. फेब्रुवारी 1991 अखेर पाडकाम सुरू झालं. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ॲग्नोस हरले. चायनाटाउन दुरावलं हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.

पुढचं चित्र तुम्ही कदाचित फोटोत पाहिलं असेल. रुंद रस्ता, ताडासारख्या पामवृक्षांच्या रांगा, जुन्या ट्राम, 2003 मध्ये नव्याने उघडलेली फेरी बिल्डिंग. जगभरच्या नगररचनेच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात. सुंदर आहेच, आम्हीही नाकारत नाही. पण जिथे समुद्र दिसू लागला तिथल्या जमिनीचा भाव वाढला आणि जिथला रॅम्प गेला तिथला धंदा घटला, आणि ही दोन ठिकाणं चालत वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत, हे वर्गात क्वचितच सांगतात.

ओकलंडची गोष्ट बरोबर उलटी. सायप्रेस फ्रीवे बांधला तेव्हा वेस्ट ओकलंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचे दोन तुकडे केले होते, घरं पाडली होती. भूकंपाच्या संध्याकाळी ढिगाऱ्यावर शिड्या लावून जखमींना उतरवणारे पहिले लोक याच वस्तीतले. आणि जेव्हा सरकार पुन्हा त्याच जागी रस्ता बांधायला निघालं तेव्हा वस्तीने ‘नाही’ म्हटलं. रस्ता वळवून पश्चिमेला, रेल्वेयार्डाच्या बाजूने नेला गेला. तो 1997 मध्ये खुला झाला. खर्च एक अब्ज डॉलरच्या वर गेला, वर्षं आठ लागली. जुन्या जागी आता मंडेला पार्कवे नावाचा झाडांचा रस्ता आहे. इथे रस्ता जाण्याने ज्यांचं भलं झालं, ते त्याच रस्त्याने आधी भरडलेले लोक होते. म्हणून ‘फ्रीवे पाडणं चांगलं की वाईट’ असा प्रश्न कोणी विचारला की आम्ही आधी विचारतो, कुठला फ्रीवे, आणि त्याखाली कोण राहत होतं?

शहरात आणखी एक फ्रीवे जखमी होता, सेंट्रल फ्रीवे. त्यावर 1997, 1998 आणि 1999 अशी सलग तीन वर्षं मतदान झालं. आधी बांधा, मग पाडा, मग पुन्हा मत. पश्चिमेकडे राहणारे, रोज गाडीने जाणारे एका बाजूला आणि त्या खांबांच्या सावलीत राहणारे दुसऱ्या. शेवटी 2005 मध्ये तिथे साधा, सिग्नलचा रस्ता झाला. या प्रकरणावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, आज इतकंच.

चायनाटाउनला रॅम्पच्या बदल्यात काय मिळालं? रोझ पाक यांनी पुढची पंचवीस वर्षं एकच मागणी लावून धरली: रस्ता नेलात, आता रेल्वे द्या. त्यातून सेंट्रल सबवे हा भुयारी मार्ग आला. लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, खर्च दोन अब्ज डॉलरच्या जवळ. तो नोव्हेंबर 2022 मध्ये शनिवार-रविवारपुरता आणि जानेवारी 2023 पासून रोज सुरू झाला, म्हणजे रॅम्प बंद झाल्यानंतर तेहतीस वर्षांनी. पाक 2016 मध्ये वारल्या होत्या, शेवटच्या स्टेशनाला त्यांचं नाव आहे. ज्या दुकानदारांनी 1989 चा हिवाळा काढला त्यांतले किती जण त्या उद्घाटनाला दुकान उघडं ठेवून होते, हे मोजणारं यंत्र कुठल्याच रस्त्यावर बसवलेलं नव्हतं.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या बाईंनी मघापासून हात वर केला आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.