रस्त्याने चालताना गाडीने उडवलं तर भरपाई कशी मिळते? 'मिटवून टाकण्या'आधी हे वाचा

संध्याकाळची वेळ. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणून तुम्ही रस्त्याच्या कडेने चालताय. मागून एक दुचाकी येते आणि तुम्हाला उडवते. गर्दी जमते. गाडीवाला हात जोडतो, "काका, दवाखान्याचा खर्च मी देतो, पोलिसांत नका जाऊ." गर्दीतलं कुणीतरी म्हणतं, "पोरगं गरीब दिसतंय. दहा हजार घ्या आणि मिटवून टाका."

पाय मोडलाय हे तेव्हा कळलेलंही नसतं. मग ऑपरेशन, पायात रॉड, काही महिने घरी बसणं आणि बुडालेला पगार. ते दहा हजार पहिल्या दोन दिवसांतच संपतात.

2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 लोकांचा मृत्यू झाला. त्यातले 32 हजार 825 जण पायी चालणारे होते. जखमींची संख्या वेगळीच. पण भरपाईचा हक्क अनेकदा रस्त्यावरच, गर्दीच्या सल्ल्याने सुटून जातो.

भरपाईचे पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा गाडीची विमा कंपनी. मोटार वाहन कायद्यानुसार प्रत्येक गाडीचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. तो रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी, म्हणजे तुमच्यासाठीच असतो. त्यामुळे 'बिचाऱ्या ड्रायव्हरला कशाला त्रास' हा विचार माणुसकीचा असला, तरी विमा असेल तर भरपाई सहसा त्याच्या खिशातून जात नाही. विमा नसेल, तर जबाबदारी ड्रायव्हर आणि गाडीच्या मालकावर येते.

पहिल्या काही दिवसांत काय करायचं?

- गाडीचा नंबर आणि जागेचा फोटो घ्या. तुम्ही शुद्धीत नसाल तर सोबतच्या माणसाने घ्यावा. पाहिलेल्या एक-दोघांचे फोन नंबर घ्या.
- हॉस्पिटलमध्ये 'रस्ता अपघात' असंच सांगा. बिल कमी येईल किंवा पोलीस मागे लागतील या भीतीने 'घरात पडलो' सांगितलं, तर तेच केसपेपरवर लिहिलं जातं आणि पुढे तुमच्याच विरोधात वापरलं जातं.
- एफआयआर नोंदवा. उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा संशयास्पद ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये म्हटलंय. पण उशिराचं कारण पटणारं हवं.
- 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही करू नका.
- औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि रिक्षाच्या खर्चाच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवा. पगाराची स्लिप किंवा बँक पासबुकही लागेल.

उपचारांसाठी मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. तिच्यात योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ॲडमिट करतानाच याबद्दल विचारा.

दावा कुठे करायचा? मुदत किती?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात झाला ते ठिकाण, तुम्ही राहता ते ठिकाण किंवा समोरची बाजू राहते ते ठिकाण, यापैकी कुठेही तो करता येतो. म्हणजे साताऱ्याच्या माणसाला पुण्यात गाडीने उडवलं, तरी तो साताऱ्यात दावा करू शकतो.

2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. पोलिसांचा अहवालही दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. पण त्यावर विसंबून राहू नका. तपास अधिकाऱ्याकडे अहवालाची प्रत मागा.

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश कोर्टाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. हा अंतिम निकाल नाही. त्यामुळे 6 महिने हीच आपली मुदत समजून चाला.

किती रक्कम मिळू शकते?

दोन मार्ग आहेत. पहिला ठरावीक रकमेचा. त्यात कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाल्यास 5 लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख रुपये मिळतात. पण विमा कंपनीकडून ही रक्कम स्वीकारली, तर मोठ्या भरपाईचा दावा संपतो.

दुसरा मार्ग चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा. यात उपचार, बुडालेलं उत्पन्न, पुढचे उपचार, वेदना आणि कायमचं अपंगत्व यांचा हिशेब होतो.

समजा, घरी शिवणकाम करून महिन्याला 12 हजार कमावणारी 38 वर्षांची महिला आहे. अपघातामुळे तिची कमावण्याची क्षमता 30 टक्क्यांनी घटली. वर्षाचं उत्पन्न झालं 1 लाख 44 हजार. स्वतःचं काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी पुढच्या वाढीचे 40 टक्के त्यात मिळवतात. झाले 2 लाख 1 हजार 600. या वयाचा गुणक 15 आहे, म्हणून 30 लाख 24 हजार. त्याचे 30 टक्के, म्हणजे 9 लाख 7 हजार 200 रुपये. उपचारांचा खर्च आणि वेदनांची भरपाई यापेक्षा वेगळी. आता त्या दहा हजारांची तुलना करून बघा.

इथे डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवरच्या टक्केवारीपेक्षा 'कामावर किती परिणाम झाला' हे महत्त्वाचं असतं. ऑफिसात बसून काम करणाऱ्याचा पाय अधू होणं आणि हमालाचा पाय अधू होणं सारखं नाही. आणि 'मी तर घरीच असते' असं म्हणून मागे राहू नका. गृहिणीच्या कामाचंही मोल धरून भरपाई ठरते.

'चूक तुमचीही होती' असं म्हणाले तर?

झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडला, मोबाइलवर बोलत होता, असे मुद्दे विमा कंपनी मांडतेच. पण तुमची थोडी चूक निघाली तरी दावा बाद होत नाही. कोर्ट चुकीचा वाटा ठरवतं आणि भरपाईतून तेवढी रक्कम कमी करतं. म्हणून सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला पोलिसांना लगेच, लेखी सांगा. ते फार दिवस राहत नाही.

गाडी पळून गेली तर?

गाडीचा शोध लागला नाही तरी सरकारी योजनेतून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. महिनाभरात गाडी सापडली नाही, तर या योजनेची माहिती पोलिसांनी लेखी द्यायची आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये तसा आदेशच दिलाय.

वकिलाला पैसे नसतील तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळू शकतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. महिला, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीत लवकर तडजोड होऊ शकते. पण तिथे ठरलेल्या रकमेवर अपील करता येत नाही, म्हणून वरचा हिशेब आधी मांडा आणि मगच 'हो' म्हणा.

घरातलं कुणी रोज पायी कामावर किंवा शाळेत जात असेल, तर हे त्यांना आजच पाठवा. अपघातानंतरच्या पहिल्या तासात गर्दी सल्ला देते, तेव्हा एवढं लक्षात राहिलं तरी पुरे: नंबर टिपा, केसपेपरवर खरं लिहून घ्या, घाईत सही करू नका.