वाइडवाइन (जुन्या लिनक्स संगणकांवर)

वाइडवाइन : इंटरनेटवरून पाहिल्या जाणाऱ्या चित्रपट-मालिकांची नक्कल होऊ नये म्हणून वापरली जाणारी गूगलची प्रत-संरक्षण प्रणाली. ती घडवणारी कंपनी १९९९ मध्ये अमेरिकेतील सिएटल परिसरात सुरू झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये गूगलने ती विकत घेतली. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, झी५ यांसारख्या सेवा क्रोम, फायरफॉक्स किंवा अँड्रॉइडवर पाहिल्या जातात तेव्हा पडद्यामागे बहुधा हीच प्रणाली काम करत असते. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर, विशेषतः जुन्या संगणकावर, तिचे वागणे कसे असते आणि प्रेक्षकाच्या वाट्याला काय येते, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

सेवेच्या सर्व्हरवर चित्रपट लहान लहान तुकड्यांत कापून ठेवलेला असतो आणि प्रत्येक तुकडा १२८ बिटांच्या एईएस पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. हे तुकडे कोणालाही उतरवून घेता येतात, पण किल्लीवाचून त्यांचा उपयोग नाही. किल्ली देणारा लायसन्स सर्व्हर वेगळा असतो. ब्राउझरमधील एक छोटा बंदिस्त घटक त्याच्याकडे सहीनिशी मागणी पाठवतो, सर्व्हर समोरचा घटक ओळखीचा आहे का ते तपासतो आणि मगच किल्ली देतो. या घटकाला सीडीएम म्हणतात. वेबपान आणि सीडीएम यांच्यात निरोपांची ने-आण करणारी जी सामाईक पद्धत आहे ती ईएमई. ईएमईचा आराखडा खुला आहे, कोणीही वाचावा आणि आपल्या ब्राउझरमध्ये उतरवावा. सीडीएमचा स्रोत मात्र कोणालाच पाहता येत नाही, कारण त्याच्या पोटात गुपिते आहेत आणि ती उघडी पडली की संरक्षण संपले.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची खरी अडचण इथे आहे. क्रोमियम हा ब्राउझर संपूर्ण खुला आहे, डेबियन आणि फेडोरा तो स्वतः बांधून वाटतात, पण त्यात वाइडवाइन नसते. त्याच क्रोमियमवर गूगल आपला बंद घटक चढवते आणि ‘क्रोम’ या नावाने देते, त्यात ते असते. फायरफॉक्स सीडीएम आपल्याबरोबर वाटत नाही. वापरकर्त्याने होकार दिल्यावर तो गूगलकडून उतरवून घेतो आणि डिस्क व नेटवर्कपर्यंत हात पोहोचणार नाही अशा कोंडीत चालवतो. या कोंडीचा स्रोत खुला आहे. ज्याच्या आत काय आहे हे कळत नाही त्याला निदान बाहेरून तरी बांधून ठेवायचे, ही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची तडजोड मला आजवरची सर्वांत प्रामाणिक वाटते. २०१९ मध्ये एका स्वतंत्र विकसकाने आपल्या छोट्या मुक्तस्रोत ब्राउझरसाठी वाइडवाइनचा परवाना मागितला. महिनोन्‌महिने वाट पाहिल्यावर त्याला नकार मिळाला. वेबवर नवा ब्राउझर आणायला पूर्वी कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. आता चित्रपट दाखवायचे असतील तर आहे.

या वादाचे मूळ डीव्हीडीच्या काळात आहे. डीव्हीडीवर ४० बिटांचे सीएसएस हे कुलूप होते आणि लिनक्सला त्याची अधिकृत किल्ली नव्हती. १९९९ मध्ये डीसीएसएस हा प्रोग्रॅम बाहेर आला. त्याबद्दल नॉर्वेतील जॉन लेक योहानसेन या तरुणावर खटला भरला गेला. जानेवारी २००३ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. विकत घेतलेली तबकडी आपल्या संगणकावर पाहण्याचा माणसाचा हक्क न्यायालयाने मानला. तबकडीचे कुलूप कायमचे निकामी झाले, म्हणून आज वीस वर्षांच्या लिनक्स संगणकावरही व्हीएलसी या प्लेअरमध्ये डीव्हीडी चालते. प्रवाहित चित्रपटाचे तसे नाही. तिथे प्रत्येक वेळी सर्व्हरला विचारावे लागते आणि सर्व्हर आपले मत कधीही बदलू शकतो.

नेटफ्लिक्सने २००७ मध्ये प्रवाहित सेवा सुरू केली आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचे सिल्व्हरलाइट स्वीकारले. लिनक्ससाठी मूनलाइट नावाचा मुक्तस्रोत पर्याय तयार झाला, पण सिल्व्हरलाइटमधले प्रत-संरक्षण त्याला कधीच मिळाले नाही, आणि २०१२ मध्ये ते काम थांबले. २०१३ मध्ये पाइपलाइट या प्रोग्रॅमने, विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’च्या आधाराने, विंडोजचे सिल्व्हरलाइटच लिनक्सच्या ब्राउझरमध्ये चालवून दाखवले. पुढे ऑगस्ट २०१४ च्या सुमारास जे घडले ते विशेष बोलके आहे. नव्या क्रोममध्ये ब्राउझरची ओळख तेवढी बदलून आपण विंडोजवर आहोत असे सांगितले, की लिनक्सवर नेटफ्लिक्स सुरळीत चाले. तांत्रिक अडथळा उरलाच नव्हता, उरला होता तो दारावरचा नकार. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो अधिकृतपणे मागे घेतला गेला. सप्टेंबर २०१६ च्या फायरफॉक्स ४९ पासून लिनक्सवरील फायरफॉक्सलाही वाइडवाइन मिळाले.

ईएमईला वेबचे अधिकृत मानक करावे का, यावर डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत पाच वर्षे वाद चालला. सुरक्षेतील दोष शोधणाऱ्या संशोधकांवर आणि अपंगांसाठी सोयी करणाऱ्यांवर सभासद कंपन्यांनी खटले भरू नयेत, एवढी हमी तरी घ्या, अशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मतदानात ५८.४ टक्के बाजूने आणि ३०.८ टक्के विरोधात पडले. १८ सप्टेंबर २०१७ रोजी मानक जाहीर झाले आणि त्याच दिवशी फाउंडेशनने सभासदत्व सोडले.

आता जुन्या संगणकाकडे वळू. ‘जुना’ म्हणजे दुबळा, असे धरून चालले जाते, पण इथे दुबळेपणाचा संबंध थोडाच आहे. इंटेलचा ॲटम एन२७०, पेंटियम एम किंवा पहिला कोअर ड्युओ हे प्रोसेसर फक्त ३२ बिटांचे. लिनक्सचे कर्नल त्यांच्यावर अजून चालते. क्रोमने मात्र ३२ बिटी लिनक्स मार्च २०१६ मध्ये सोडले. फायरफॉक्सवर वाइडवाइन त्यानंतरही मिळत राहिले, आणि मे २०२१ च्या अखेरीस गूगलने तेही बंद केले. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा मराठी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला ३० एप्रिल २०२१ रोजी. म्हणजे ३२ बिटी नेटबुकवर लिनक्स आणि फायरफॉक्स वापरणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तो पाहायला जेमतेम महिना मिळाला. फायरफॉक्सचा स्रोत खुला असल्याने एखाद्या स्वयंसेवकाने तो ३२ बिटांसाठी बांधत राहायचे ठरवले तर त्याला कोणी अडवू शकत नाही. वाइडवाइन त्याला बांधता येत नाही. यंत्राचे आयुष्य कधी संपले हे अशा रीतीने यंत्राच्या मालकाऐवजी सीडीएमचा मालक ठरवतो.

कोअर २ ड्युओसारख्या ६४ बिटी प्रोसेसरवर वाइडवाइन चालते, पण तिथे दुसरी अडचण येते आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. साधी, असंरक्षित फाइल व्हीएलसी किंवा एमपीव्हीमध्ये लावली की चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिप उचलते. २०११ च्या सँडी ब्रिज पिढीवर एच.२६४ पद्धतीचा १०८० ओळींचा चित्रपट त्यामुळे विनासायास चालतो. लिनक्सच्या ब्राउझरमधील वाइडवाइन कूट सोडवते आणि चित्राचे डीकोडिंगही बंद घटकाच्या आतच, निव्वळ प्रोसेसरच्या बळावर करते. उलगडलेला प्रवाह ग्राफिक्स चिपकडे सोपवला जात नाही, कारण वाटेत कोणी तो टिपून घेईल ही भीती. परिणामी पंखा जोरात फिरू लागतो, लॅपटॉप तापतो, चित्र अडखळते आणि दोष बिचाऱ्या जुन्या यंत्रावर येतो. उपाय साधा आहे : सेवेच्या सेटिंगमध्ये डेटावापर कमी ठेवावा, म्हणजे कमी ओळींचे चित्र येते आणि प्रोसेसरला झेपते. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घ्यावा, बाकीचे टॅब बंद करावेत. एसएसई३ हा सूचनासंच नसलेल्या प्रोसेसरवर २०२१ पासूनचे क्रोम सुरूच होत नाही, पण कोअर २ ड्युओमध्ये तो असतो.

उत्तम दर्जाचे चित्र मात्र कितीही वेगवान लिनक्स संगणक घेतला तरी येईलच असे नाही. वाइडवाइनच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीत सारे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होते, तिसऱ्यात केवळ सॉफ्टवेअरमध्ये. लिनक्सच्या डेस्कटॉप ब्राउझरला तिसरी मिळते आणि ४के चित्र बहुतेक सेवा पहिलीसाठी राखून ठेवतात. कधी दारच बंद होते. डिस्ने प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याने मागितलेली सुरक्षेची अट लिनक्सला पुरी करता येत नव्हती. अट सैल झाली आणि काही आठवड्यांत तेच ब्राउझर चालू लागले.

वाइडवाइनची लिनक्स आवृत्ती जीलिबसी या ग्रंथालयावर बांधलेली असल्याने अल्पाइनसारख्या, मसल ग्रंथालय वापरणाऱ्या लिनक्सवर ती थेट चालत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी पूर्वी क्रोमओएसच्या दुरुस्ती-प्रतीतून सीडीएम काढून घ्यावे लागे, आणि कोडी या मीडिया प्लेअरचा एक साहाय्यक प्रोग्रॅम हे काम आपोआप करत असे. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय ओएसने त्याचे पॅकेज अधिकृतपणे दिले.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात अशी हेतूची अट नाही, त्या मानाने आपला कायदा समंजस आहे. तरीही सेवेचे वर्गणीदार म्हणून आपण तिच्या अटी स्वीकारलेल्या असतात, हे विसरू नये.

जुन्या यंत्रावर लिनक्स बसवून ते घरच्यांना चित्रपट पाहायला द्यायचे असेल, तर आधी टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा देऊन प्रोसेसर ६४ बिटी आहे का ते पाहावे आणि वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी महिन्याची भरून एक चित्रपट शेवटपर्यंत लावून पाहावा. यंत्र ३२ बिटीच निघाले तर डीव्हीडी, आपल्याजवळच्या फाइली आणि असंरक्षित व्हिडिओ यांसाठी ते अजूनही उपयोगी आहे. ते भंगारात टाकू नये.