परिचारिकेचे दोन संसार

आपण बाळंतपणासाठी रुग्णालयात जातो, आजारी सासूबाईंच्या उशाशी बसतो. तेथे रात्री-अपरात्री हाक मारताच धावत येते ती परिचारिका. तिलाही घर आहे, हे आपल्या मनात क्वचितच येते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिकांची शाळा सन १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. विद्यार्थिनी तेथेच राहत. सेवा करावयाची तर संसार नको, असा समज पुढे पुष्कळ ठिकाणी रूढ झाला.

पुण्यात रमाबाई रानडे यांनी सन १९०९ मध्ये सेवासदनाचे काम सुरू केले. तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवा भगिनीही होत्या. परक्या रोग्याची शुश्रूषा करणे त्या काळी कमीपणाचे मानीत. पण जिचा संसार मोडला होता, तिला या कामाने स्वतःची भाकरी दिली आणि मानही दिला. पुढे लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या स्त्रियाही या कामात आल्या. खरी ओढाताण त्यांच्या वाट्याला आली.

सन १९६१ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. आरंभी तो कारखाने, खाणी व मळे यांतील स्त्रियांसाठी होता. पुढे त्याची व्याप्ती वाढली. सन २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांच्या वेळची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. जेथे ५० किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तेथे पाळणाघराची सोयही सांगितली गेली.

तरी लग्नाची किंमत मोजावी लागलीच. लष्करी परिचर्या सेवेतील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केले म्हणून सन १९८८ मध्ये सेवेतून काढले. तो नियम सन १९९५ मध्ये रद्द झाला, पण त्यांना न्याय मिळायला सन २०२४ उजाडले. सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई देवविली. लग्नामुळे पुरुषाची नोकरी जात नाही, मग बाईचीच का जावी?

कायदा रजा देईल, पण रात्रपाळी करून आलेल्या बाईला झोप कोण देणार? घरी येताच ती डबे भरते, मुलाला शाळेत पोचविते. दुपारी जरा आडवी झाली, तर आपणच म्हणतो, "काय ही दिवसा झोपते!" आपल्या आळीत अशी कोणी असेल, तर दुपारी तिचे दार वाजवू नये. तिचे मूल तासभर आपल्या मुलांत खेळू द्यावे. हळदीकुंकवाचे बोलावणे तिची पाळी विचारून करावे. जी आपल्या माणसांसाठी जागते, तिच्यासाठी एवढे करणे आपल्या हातचे आहे.