सानपाड्याचं वायफाय

आमच्या अंतरवाली सराटीत पाहुणा आला की चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतो. आपल्याच माणसाला नाही कसं म्हणायचं? म्हणून आज ही २००८ ची गोष्ट.

२६ जुलैला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी माध्यमांना धमकीचा ईमेल आला होता. त्याचा आयपी ॲड्रेस निघाला नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटचा. एटीएसने त्याची कसून चौकशी केली. ईमेल पाठवणारे वेगळेच होते, त्यांनी फक्त त्याचं वायफाय वापरलं होतं. पुढच्याच महिन्यात तसाच ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांवेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या.

असं का होतं? घरात दहा फोन असोत, राउटर बाहेर सगळ्यांचा मिळून एकच पत्ता दाखवतो. त्यामुळे पोलीस आधी येतात ते कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात.

तेव्हा कुलूप लावणारेही बरेच जण डब्ल्यूईपी वापरायचे, आणि ते तर २००१ मध्येच फुटलं होतं! शेवटी २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीसच उघडी वायफाय शोधत फिरायला लागले.

आज राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा, डब्ल्यूपीएस बंद करा, ॲडमिनचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा. पाहुणे गेले की त्याचा पासवर्ड बदलायचा, कुणी रुसत नाही.